लाल कागदाखाली

पहाटे तीन ते पाच ही फुप्फुसाची वेळ,
सिनसे सांगायचे. त्या दोन तासांत श्वास
आपल्या वाटेनं गस्तीला निघतो.
तेव्हा नेमका गाठलास, तर बोटाचं एक पेर पुरे.

आता त्याच वेळी त्यांची छाती
फुटक्या भात्यासारखी वाजते,
आणि मी उठते.
जॉर्जटाउनची गल्ली निजलेली. खाली दुकानात
बरण्यांतून मुरत पडलेली मुळं,
मुका मार लागलेल्यांसाठी तांबडी दारू, कापूर.

हासळीखाली अंगठा टेकवते : ढगांचं दार.
सतराव्या वर्षी याच जागेसाठी
वाळूच्या पोत्यावर हाताची कड आपटायचे,
सालं निघेपर्यंत.
कोपराच्या मोडीत : हातभर दलदल.
"इथे मारलंस की गुडघ्यापर्यंत रुतला पाहिजे,"
म्हणायचे, आणि स्वतःच हसायचे.
मग पुढच्या हातावरून उतरत उतरत
सातवी, आठवी,
आणि तिथून अंगठा टुणकन उडी मारतो
दहावीवर, तळव्याच्या फुगवट्याशी : माशाचा काठ.
अकरावी नखाच्या कोपऱ्यात : धाकटा सौदागर.

नववी मला ठाऊक नाही.

भिंतीवरच्या तक्त्यातला तो नागडा, टकला माणूस,
त्याच्या मनगटावर लाल कागद डकवलेला,
नववर्षाच्या पाकिटाचा कपटा, भाताच्या खळीनं.
असले तक्ते बाजारात पैशाला पासरी.
मी एकही उलगडून पाहिला नाही.
हट्ट म्हणा.
सव्वीस वर्षं त्यांच्याच तोंडाकडे बघत राहिले.

दर गुरुवारी आ बेंग येतो,
धक्क्यावरच्या लाकडी खांबांवरल्या घरातून.
बुद्धिबळ खेळतात दोघं, तोफा, हत्ती, नदी मध्ये.
आ बेंगचा उजवा हात मांडीवर ठेवलेला असतो,
दुसऱ्या कुणाची वस्तू सांभाळावी तसा.
वातानं गेला, म्हणतो.
सोंगटी डाव्यानं सरकवतो
आणि सिनसे त्याला कधीही जिंकू देत नाहीत.

परवा पाऊस थांबेना, तो इथेच राहिला.
साडेतीनला सिनसेंचे ओठ निळे.
मी दारापासून सौदागरापर्यंत गेले, परत आले,
पुन्हा गेले.
आ बेंग चटईवरून उठून बसला.
"एक सोडतेस तू," म्हणाला.

मग डाव्या हातानं उजवा उचलून
माझ्यासमोर धरला, दिव्याखाली.
मनगटाच्या घडीत, अंगठ्याच्या बाजूला.
"इथे. मोठा डोह म्हणतात याला.
धक्क्यावर, कोळंबीच्या पेट्यांवरून जुंपली होती,
दोघंही प्यालेलो. चार वाजले असतील.
त्यानंच नंतर नाव सांगितलं,
रडत."

दुखलं का, मी विचारलं.
"छे. हात माझा होता,
आणि मग नव्हता."

मी सिनसेंचं मनगट घेतलं. तीच घडी.
अंगठ्याखाली काहीतरी उडत होतं,
जाळ्यातल्या लहान मासळीसारखं.
नाडी!
सरकारी दवाखान्यातली ती नवी पोरगी
रोज घड्याळ बघत धरते, ती.
यासाठी सव्वीस वर्षं?
हसू आलं मला, आणि रागही,
आणि दोन्ही तसेच राहिले.

सिनसेंनी डोळे उघडले.
आधी माझा अंगठा पाहिला, मग आ बेंगला.
"सांगितलंस तिला?"
"दाखवलं."

बराच वेळ नुसती छातीतली शिट्टी.
खाली मासळीच्या गाड्या लागल्या,
कुणीतरी बर्फ फोडत होतं.
"दाबू नकोस," सिनसे म्हणाले,
"नुसता ठेव."

ठेवला.
पाच वाजून गेले तरी.